पाठ टेकून चालविण्याची घरगुती तिचाकी

सायकलीचे गुण सर्वश्रुत आहेत. परंतु तिच्यावर तोल सांभाळावा लागतो, ही गोष्ट साठी उलटल्यावर जाचक होऊं लागते. पायांत बळ असतें, छातीहि ठीक असते. पण उतरतांना पाऊल जमिनीस टेकेपर्यंतचा जो क्षण, त्याचीच भीति वाटते. मग घरांतील मंडळी एके दिवशीं सायकल माळ्यावर चढवून टाकतात आणि म्हाताऱ्या माणसाचें बाहेर जाणें तेथेंच संपतें. अशा घरांसाठीं, आणि ज्यांचे हात कांहीं तरी घडविण्यास शिवशिवतात अशा तरुणांसाठीं, पाश्चात्त्य देशांतील एका छंदाची माहिती आम्ही आज देणार आहों. तेथील कित्येक गृहस्थ आरामखुर्चीसारखी बैठक असलेली तिचाकी घरच्या घरीं बांधतात व तीवर दूरदूर फिरून येतात.

हें वाहन हौशी लोकांच्या हातीं कां राहिलें, यास इतिहास आहे. फ्रान्समधील शार्ल मोशे यानें पाठ टेकून बसावयाची दुचाकी तयार केली. ता. ७ जुलै १९३३ रोजीं पॅरिस येथें फ्रान्सिस फोर यानें तीवर बसून एका तासांत ४५.०५५ किलोमीटर अंतर तोडलें आणि ऑस्कर एग याचा १९१४ पासूनचा विक्रम मोडला. फोर कांहीं पहिल्या प्रतीचा स्वार गणला जात नव्हता. तेव्हां यशाचा मोठा वाटा यंत्राचा, हें उघड झालें. देह आडवा असल्यामुळें वाऱ्यास छाती लागत नाहीं, एवढेंच त्यांतील रहस्य. पण परिणाम उलटाच झाला! १९३४ सालीं आंतरराष्ट्रीय सायकल संघानें सायकलीची व्याख्याच अशी बांधली कीं, हें वाहन शर्यतींतून बाद व्हावें. गैरसोयीचें रूप अपवादांत ढकलणारे वैयाकरण आम्हांस ठाऊक आहेत. हे त्यांचेच बंधु म्हणावयाचे. आज इंग्लंड, जर्मनी, अमेरिका येथें अशा तिचाक्या तयार मिळतात, परंतु त्यांच्या किंमती ऐकून माणूस पुन्हा कानस-करवतीकडेच वळतो.

तिचाकीचे प्रकार दोन. एकींत एक चाक पुढें व दोन मागें. दुसरींत दोन पुढें व एक मागें. या दुसरीस तिकडे बेडूकमासा म्हणतात, कारण डोकें रुंद व शेपटी बारीक. घरीं बांधणारे बहुधा हिचीच निवड करतात. बैठक दोन चाकांच्या मध्यें व जमिनीलगत असते, त्यामुळें वळणावर ब्रेक लावला तरी भार त्या रुंद बाजूवरच येतो व वाहन सहसा कलंडत नाहीं.

खरी परीक्षा पुढच्या दोन चाकांच्या वळणाची. वळतांना आंतील चाकाचें वर्तुळ लहान व बाहेरील चाकाचें मोठें असतें. म्हणून आंतील चाक अधिक वळलें पाहिजे, नाहीं तर टायर रस्त्यावर घासत जातो. म्यूनिक येथील गाडीकार लांकेनश्पेर्गर यानें काढलेली आणि आकरमन यानें १८१८ सालीं इंग्लंडमध्यें पेटंट केलेली युक्ति येथें उपयोगी पडते. प्रत्येक चाक ज्या खुंटावर वळतें, त्या खुंटापासून वळणाच्या दांडीच्या टोकापर्यंत रेषा काढावी व ती मागें वाढवावी. दोन्ही रेषा मागच्या चाकाच्या आंसावर मिळाल्या कीं गणित जमलें. शाळेंत भूमिति कशासाठीं शिकावयाची, असें विचारणाऱ्या मुलास हा प्रश्न खुशाल घालावा. शिवाय खुंटाची रेषा खालीं वाढविली असतां टायर जमिनीस टेकतो तेथेंच पोंचली पाहिजे. तसें नसेल तर एका चाकाचा ब्रेक दाबतांच हँडल हातांतून हिसकतें. खुंटाचें डोकें सुमारें १२ अंश मागें कलतें ठेवतात, म्हणजे वळणानंतर चाकें आपोआप सरळ होतात.

या चाकांच्या आंसांस आधार एकाच बाजूनें असतो. साध्या सायकलीचा बारीक आंस येथें वांकतो. निदान १२ मिलिमीटर जाडीचा हवा. चाकें २० इंची घेतात, कारण लहान चाक आडवा रेटा अधिक सोसतें.

सांगाड्याविषयीं आमचें मत स्पष्ट आहे. नळ्या कापणें, कानशीनें तोंडें जुळविणें, मोजमाप घेणें हें सर्व घरीं करावें. पण सांधे पक्के करण्याचें काम कसलेल्या वेल्डरकडूनच करून घ्यावें. जीव त्या सांध्यांवर टांगलेला असतो. आधीं फक्त टांचे मारून कर्ण मोजावे, कारण तापलेली नळी सांध्याकडे ओढली जाते. जस्ती नळ स्वस्त म्हणून वापरूं नये. जस्ताचा धूर अंगीं लागून ताप भरतो. बंद नळीस बारीक छिद्र ठेवावें, नाहीं तर आंतील तापलेली हवा सांधा फोडून बाहेर येते.

रंगापूर्वीं वाहन कच्चेंच जोडून चालवून पाहावें. चूक निघाली तर कापतां येते. रंगावर कापणें जिवावर येतें. मग सर्व सुटें करून गंज, तेल व मळी घालवावी, पॉलिश कागदानें घासावें, अस्तर द्यावें, आणि रंगाचे पातळ हात एकावर एक चढवावे. आट्यांत व छर्ऱ्यांच्या वाट्यांत रंग जाऊं नये म्हणून त्या आधीं झांकाव्या. नळीच्या आंतून जवसाचें तेल फिरविल्यास आंतला गंज थोपतो. घाईनें दिलेला एक जाड हात ओघळतो व पुढें पापुद्र्यानें सुटतो.

साखळी सायकलीच्या जवळजवळ तिप्पट लागते व बैठकीखालून कप्पीवरून न्यावी लागते. पुढच्या दोन चाकांमधील अंतर आंसाच्या उंचीवर, चाकांच्या पुढून व मागून, मोजून सारखें करावें. फरक राहिला तर टायर लवकर झिजतात.

एक धोका मात्र कोणीहि विसरूं नये. पाय पायडलावरून निसटून जमिनीस लागला, तर धांवती तिचाकी त्यावर चढते व पाय आडव्या नळीखालीं सांपडून मोडतो. म्हणून पाय पायडलास पट्ट्यांनीं जखडूनच निघावें. बैठक ठेंगणी असल्यानें मोटारवाल्यास स्वार दिसत नाहीं, यास्तव मागें उंच काठीवर लाल-पिवळें निशाण हवें. मालमोटारींच्या गर्दीच्या रस्त्यावर ही नेऊं नये, हें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. पहांटेचे रिकामे रस्ते व कॉलनीचे आंतले मार्ग पुष्कळ आहेत.

आणि नळी कापण्यापूर्वीं आपल्या घराच्या दाराची रुंदी मोजून ठेवावी. तिचाकीचा विस्तार ७५-८० सेंटिमीटर भरतो, आणि जुन्या घरांचीं दारें त्याहूनहि अरुंद असूं शकतात.