सूर्य कुणी फोडला?

बीडची खजाना विहीर पाहून आम्ही परत निघालो होतो. अहमदनगरच्या निजामशाहीतली, सोळाव्या शतकातली ही विहीर. तिचं पाणी भुयारातून आत येतं आणि दुसऱ्या भुयारातून शेतांकडे निघून जातं. वरून वाकून पाहणाऱ्याला फक्त संथ पाणी दिसतं. गाडीत बसल्यावर भाचा म्हणाला, "मामा, मी तो गेम सोडून दिला. त्या गोष्टीला बूडच नाही."

गेम म्हणजे 'आउटर वाइल्ड्स'. ॲलेक्स बीचम या तरुणानं अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकताना पदव्युत्तर प्रबंध म्हणून तो सुरू केला. २०१९ साली तो बाजारात आला आणि २०२० साली त्याला बाफ्टाचा सर्वोत्तम गेमचा पुरस्कार मिळाला. छोटीशी सूर्यमाला, चार डोळ्यांचा नवखा अंतराळवीर आणि दर २२ मिनिटांनी फुटणारा सूर्य. सूर्य फुटला की नायक मरतो आणि पुन्हा त्याच शेकोटीजवळ जागा होतो. ज्यांना हा गेम कोरा खेळायचा आहे, त्यांनी इथेच थांबावं. पुढे सगळं उघड होणार आहे.

भाच्याचा पहिला आक्षेप बहुतेक खेळाडूंचाही असतो. नोमाई नावाच्या तीन डोळ्यांच्या प्राचीन लोकांनी सूर्य फोडायचं यंत्र बांधलं. सूर्य फुटतोय म्हणजे त्यांचंच काम. मग ते लोक लाखो वर्षांपूर्वी मेले आणि सूर्य आज कसा फुटतो?

हा गैरसमज आहे, आणि गेमनं तो जाणूनबुजून आपल्या मनात रुजू दिला आहे. सूर्याभोवती फिरणाऱ्या सन स्टेशनमध्ये महत्प्रयासानं पोचलं की खरी हकीकत वाचायला मिळते. यंत्र चाललं, पण सूर्याला काहीच झालं नाही. प्रयोग फसला. पुढे काही करायच्या आत इंटरलोपर हा धूमकेतू आला, त्याचा गाभा फुटला आणि त्यातल्या विषारी द्रव्यानं त्या सूर्यमालेतले सगळे नोमाई मेले. ही सुमारे २ लाख ८१ हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांची स्वयंचलित यंत्रं मात्र तशीच वाट पाहत राहिली. आता सूर्य स्वतःच्या वयानं मरतोय, कारण सगळं विश्वच म्हातारं झालंय. एम्बर ट्विन ग्रहावर चर्ट नावाचा खगोल निरीक्षक आहे. २२ मिनिटांत त्याच्याकडे दोन-तीनदा गेलं तर आकाशातले तारे एकेक करून विझताहेत हे त्याच्याच तोंडून कळतं, आणि त्याची उमेद कशी खचत जाते हेही दिसतं. मला हा प्रसंग अख्ख्या गेममधला सर्वांत हृद्य वाटतो. भाचा त्याच्याकडे एकदाच गेला होता, तोही सुरुवातीला.

दुसरा आक्षेप जास्त चांगला होता. "सूर्य फुटल्यावर नोमाईंच्या दुसऱ्या यंत्राला शक्ती मिळते आणि ते यंत्र काळ मागे नेतं. मग पहिल्यांदा सुरुवात कुणी केली?" अंडं आधी की कोंबडी, तोच प्रश्न. पण इथे त्याला सरळ उत्तर आहे. अगदी पहिल्या वेळी काहीच वेगळं घडलं नव्हतं. सूर्य फुटला, ॲश ट्विन ग्रहाच्या पोटातल्या यंत्राला हवी ती प्रचंड ऊर्जा मिळाली आणि त्यानं २२ मिनिटं मागे एक आज्ञा धाडली: यान सोडा. मग नोमाईंच्या तोफेनं शोधयान यदृच्छेनं एका दिशेला सोडलं. विश्वाचा 'डोळा' नावाची एक गूढ जागा शोधायची होती. सापडली नाही, तर माहिती मागे पाठवून पुढच्या फेरीत दुसरी दिशा. ती सापडली ९३ लाख १८ हजार ५४व्या यानाला. त्या फेऱ्यांची सगळी मिनिटं एकत्र केली तर जवळजवळ ३९० वर्षं भरतात. नायक प्रत्येक वेळी शेकोटीजवळ उठला आणि काही न कळता मेला.

मग आताच त्याला का आठवू लागलं? कारण नोमाईंचे पुतळे जवळच्या माणसाशी जोडले जातात आणि त्याच्या आठवणी मागे पाठवतात. काम फत्ते झालं किंवा यंत्रात बिघाड झाला, तरच त्यांनी जागं व्हायचं, अशी योजना होती. डोळा सापडला आणि नायकाच्या गावातल्या संग्रहालयातल्या पुतळ्यानं डोळे उघडले. दुसऱ्या ग्रहावर गॅब्रो या अंतराळवीराशीही एक पुतळा जोडला गेला, म्हणून त्यालाही सगळं आठवतं.

काळ मागे जाण्याचा नियमही गेमनं हवेत सोडलेला नाही. कृष्णविवरात गेलेली वस्तू श्वेतविवरातून बाहेर पडते, खजाना विहिरीतल्या पाण्यासारखी. फक्त ती आत जाण्याच्या थोडी आधीच बाहेर येते. नोमाईंना हा फरक मोजताना आढळला. ऊर्जा वाढवली की अंतर वाढतं, म्हणून २२ मिनिटांसाठी त्यांना फुटणारा सूर्य हवा होता.

श्वेतविवर ही कल्पना मराठी वाचकाला परकी वाटू नये. जयंत नारळीकर, अप्पाराव आणि नरेश दधीच यांचा श्वेतविवरांतून बाहेर पडणाऱ्या किरणोत्सर्गावरचा निबंध १९७४ साली 'नेचर'मध्ये आला. त्याच वर्षी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावानं नारळीकरांनी पाठवलेली कथा होती 'कृष्णविवर'. श्वेतविवर आजवर कुणालाही आकाशात सापडलेलं नाही. पण गेमला शास्त्र सिद्ध करायचं नाही. स्वतः घातलेला नियम त्यानं शेवटपर्यंत पाळला, एवढं मला पुरतं.

तरी काही फटी खऱ्या आहेत, आणि त्या झाकण्यात अर्थ नाही. पुतळ्याशी जोडलं जाईपर्यंत घड्याळ चालूच होत नाही. गावात तासभर हिंडलात तरी सूर्य तसाच. ही खेळणाऱ्यासाठी दिलेली सवलत आहे, कथेत तिला कारण नाही. दुसरी फट आकाशातली. मृग नक्षत्रातला काक्षी हा तारा उद्या फुटला तर तो उजेड इथवर यायला शेकडो वर्षं लागतील. गेममध्ये मात्र निरनिराळ्या अंतरांवरचे तारे चर्टच्या डोळ्यांदेखत २२ मिनिटांत विझतात. तसंच आपल्या सूर्यासारखा तारा असा फुटत नाही. त्याला सूर्याच्या किमान आठपट वस्तुमान लागतं. आपला सूर्य अजून सुमारे ५ अब्ज वर्षं जळेल आणि मग फुगून, शेवटी आक्रसून विझेल. हे सगळं मी भाच्याला मान्य करून टाकलं.

त्याची शेवटची शंका राहिली होती. "फक्त आठवणीच मागे जातात, तर मग मी स्वतः यंत्रातल्या त्या कृष्णविवरात उडी मारली तर?" मी उत्तर दिलं नाही. चार दिवसांनी रात्री त्याचा फोन आला. त्यानं फेरीच्या शेवटी ॲश ट्विनच्या पोटात उडी मारली होती. पुढच्या फेरीत पुन्हा तिथे गेला, तर आत तो स्वतःच उभा होता आणि त्याच्याशी बोलला. या वेळी मात्र त्यानं उडी मारली नाही.

"मामा, काळच फाटला," तो म्हणाला. "गेमच संपला. आता सुरुवातीपासून खेळतो. चर्टकडे तीनदा जाणार आहे."