उकळलं की झालं, असं नाही

पाणी गढूळ आलं की आपण तुरटी फिरवतो, शंका आली की उकळतो. पाम, टेंभी, कुंभवली भागात एवढ्यावर भागत नाही. इथे पाण्यात दोन तऱ्हेची घाण येऊ शकते, आणि एकीचा इलाज दुसरीला चालत नाही.

पहिली जंतूंची. संडासाचा शोषखड्डा, गोठा, फुटलेली पाइपलाइन यांतून ती येते, पावसाळ्यात जास्त. जुलाब, कावीळ, विषमज्वर होतात ते तिच्यामुळे. पाणी खळखळून उकळा, नाहीतर मेडिक्लोरचे थेंब टाकून अर्धा तास थांबा. टाकीत टीसीएल पावडर टाकतात तीही यासाठीच. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा किंचित वास आला तर नाक मुरडू नका, तो यायलाच हवा.

दुसरी घाण विरघळलेली. तारापूर एमआयडीसी आपल्या शेजारी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018च्या यादीत देशातल्या औद्योगिक पट्ट्यांत तारापूरचा पहिला नंबर होता, निर्देशांक 93.69. असा नंबर कोणाला हवाय! कारखान्याचं सांडपाणी नाल्यात सुटलं की जमिनीत मुरतं आणि विहिरीला, बोअरला लागतं. क्षार आणि धातू उकळून जात नाहीत. उलट पाण्याची वाफ होते आणि ते भांड्यातच राहतात, म्हणजे उरलेलं पाणी आणखी दाट. तुरटीने गाळ खाली बसतो, विरघळलेलं तसंच राहतं. खतातून, शोषखड्ड्यातून उतरणारं नायट्रेटही याच जातीचं. लिटरमागे 45 मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. त्याहून बरंच जास्त असलेल्या पाण्यात पावडरचं दूध कालवून दिलं, तर तान्हं बाळ निळं पडू शकतं. आणि या नायट्रेटला ना रंग, ना वास.

मग कळायचं कसं? जलजीवन मिशनमध्ये दर गावात पाच बायकांना पाणी तपासायचं किट शिकवायची सोय आहे. आपल्या गावच्या पाच जणी कोण, हे ग्रामपंचायतीत विचारा. किटवर नायट्रेट, फ्लोराइड, क्लोरीन कळतं. जंतूंच्या बाटलीतलं पाणी काळं पडलं तर ते पिऊ नका. कारखान्याची बहुतेक रसायनं मात्र किटला दिसत नाहीत, त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच जायला हवा.

विहिरीला रंग आला, औषधासारखा वास आला, तर ते पाणी उकळूनही पिऊ नका, स्वयंपाकालाही नको. नमुन्याच्या बाटलीवर तारीख, वेळ आणि विहिरीची जागा लिहा. तक्रार ग्रामपंचायतीला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तारापूर कार्यालयाला लेखी द्या, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.