नोकरी सांभाळून 'शैक्षणिक नेतृत्वा'त पीएचडी करायचीय? अर्ज भरण्याआधी हे वाचा

शाळेत पंधरा-वीस वर्षं शिकवून झाली, मुख्याध्यापकपदाचा चार्जही सांभाळून झाला. आता या अनुभवावर पीएचडी करावी, असं अनेक शिक्षकांना वाटतं. मग इंटरनेटवर शोधाशोध सुरू होते आणि समोर येतात अमेरिकेतल्या 'एड.डी. इन एज्युकेशनल लीडरशिप'च्या जाहिराती. भारतात मात्र या नावाची वेगळी पीएचडी सहसा सापडत नाही.

मग अर्ज कुठे करायचा?

आपल्याकडे हा विषय शिक्षणशास्त्राच्या पीएचडीत येतो. अर्ज शिक्षणशास्त्रासाठी करायचा आणि संशोधनाचा विषय शाळा व्यवस्थापन, प्रशासन किंवा नेतृत्व यातला निवडायचा. महाराष्ट्रातली बहुतेक मोठी विद्यापीठं शिक्षणशास्त्रात पीएचडी देतात. दिल्लीची 'नीपा' ही संस्था तर शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनासाठीच ओळखली जाते. तिथे 2012 पासून शालेय नेतृत्वासाठी वेगळं राष्ट्रीय केंद्रही आहे.

पात्रतेचे नियम यूजीसीच्या नोव्हेंबर 2022 च्या नियमावलीत आहेत. पदव्युत्तर पदवीला 55 टक्के हवेत, आरक्षित प्रवर्ग, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांगांना त्यात 5 टक्क्यांची सवलत मिळते. शिक्षणशास्त्रासाठी बहुतेक ठिकाणी एम.एड. किंवा एम.ए. एज्युकेशन मागतात, त्यामुळे नुसत्या एम.ए.-बी.एड.वर अर्ज करण्याआधी त्या विद्यापीठाची जाहिरात नीट वाचलेली बरी.

नेट की पेट?

2024-25 पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशासाठीही धरले जातात. जेआरएफ मिळालेल्यांना थेट मुलाखत. बाकीच्यांसाठी नेटच्या गुणांना 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के वजन. जेआरएफ नसलेल्यांना हे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. राज्यातली काही विद्यापीठं स्वतःची 'पेट'ही घेतात. पेटमध्ये निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर असतात आणि अनुभवी शिक्षक नेमके तिथेच अडकतात. वीस वर्षं वर्ग सांभाळला म्हणून नमुना निवड आणि गृहीतक यातलं सगळं आठवतंच असं नाही.

खरी अडचण: गाइड

परीक्षा पास झालात तरी गाइड मिळेलच याची खात्री नाही. नियमानुसार प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 च पीएचडी विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्या गाइडला नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून अर्जाआधीच रिक्त जागांची यादी बघायची. 'शोधगंगा' या संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध मोफत वाचायला मिळतात. तिथे गाइडच्या नावाने शोधलं की त्यांनी आधी कोणत्या विषयांवर काम करून घेतलंय ते दिसतं. अर्धा तास लागतो, पण पुढची अनेक वर्षं त्यावर ठरतात.

विषय कसा निवडायचा?

'मुख्याध्यापकांच्या नेतृत्वाचा शाळेवर होणारा परिणाम' असं शीर्षक घेऊन मुलाखतीला गेलं की पहिलाच प्रश्न येतो, कोणते मुख्याध्यापक आणि कोणती शाळा? त्यापेक्षा रोज दिसणारं काहीतरी उचललेलं बरं. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत 150 पेक्षा जास्त मुलं असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. म्हणजे छोट्या जिल्हा परिषद शाळांमध्ये वर्ग शिकवणारा शिक्षकच चार्ज सांभाळतो, माहिती भरतो, पोषण आहाराचा हिशोब ठेवतो. या शिक्षकाच्या कामाला 'नेतृत्व' म्हणायचं का? एका तालुक्यापुरता हा प्रश्न घेतला तरी प्रबंध उभा राहू शकतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, पण निर्णय कोण घेतं, हाही तसाच एक प्रश्न.

नोकरीचं काय?

अर्धवेळ पीएचडीला परवानगी आहे. त्यासाठी संस्थेचं किंवा विभागाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी कामातून मोकळं करू, असंही त्यात लिहून द्यावं लागतं. बरेच अर्ज इथेच रखडतात, म्हणून हे पत्र सगळ्यात आधी मागावं. कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं असतं. पीएचडीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं. पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन, महिला आणि 40 टक्क्यांपेक्षा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर दोन वर्षं जास्त. शिवाय महिलांना 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा घेता येते.

बार्टी, सारथी, महाज्योतीच्या फेलोशिप पूर्णवेळ संशोधकांसाठी असतात. पगार चालू ठेवून शिकणाऱ्याने त्या पैशांवर गणित मांडू नये.

ऑनलाइन पीएचडी चालते का?

नाही. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने केलेली पीएचडी यूजीसी मान्य करत नाही. परदेशी संस्थांसोबत करार दाखवून ऑनलाइन पीएचडी विकणाऱ्या एडटेक कंपन्यांच्या जाहिरातींना भुलू नका, असा इशारा यूजीसी आणि एआयसीटीईने 2022 मध्ये दिला होता. 'नोकरी करणाऱ्यांसाठी खास' म्हणून येणारे मेसेज वाचताना हे लक्षात असू द्या, कारण त्यात लाखो रुपये जाऊ शकतात.

पीएचडी झाली की मुख्याध्यापक होता येतं?

अनुदानित खासगी शाळांमध्ये हे पद प्रामुख्याने सेवाज्येष्ठतेवर मिळतं, पीएचडीवर नाही. बी.एड. कॉलेजचं प्राचार्यपद हवं असेल तर मात्र पीएचडीची अट आहे.