उन्हात अडलेली मोटार

मे महिना जसा लग्नकार्यांचा, तसाच जुन्या मोटारी अडण्याचाही. सकाळी बिनतक्रार निघालेली गाडी दुपारी घाट चढताना आचके देऊ लागते आणि ऐन चढणीवर बंद पडते. टाकीत पेट्रोल असते, स्टार्टर जोराने फिरतो; पण इंजिन काही सुरू होत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने मात्र तीच गाडी काहीच घडले नसल्यासारखी चालू लागते. या विकाराला मिस्त्री लोक ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. नळीत पेट्रोलची वाफ कोंडणे, हा त्याचा सरळ अर्थ होय.

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. पेट्रोल हे अनेक द्रव्यांचे मिश्रण असून त्यांतील सर्वांत हलकी द्रव्ये ३५ ते ४० अंशांच्या सुमारासच उकळू लागतात. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत पंप बहुधा इंजिनालाच जोडलेला असतो व मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ओढताना नळीतील दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. पंप द्रवासाठी केलेला. वाफ त्याला पुढे ढकलता येत नाही. मग इंजिन उपाशी राहते.

गोव्याहून बेळगावकडे येताना चोर्ल्याचा घाट लागतो, सावंतवाडीहून येताना आंबोलीचा. अशा चढणीवर गाडी खालच्या गिअरमध्ये हळूहळू चालते. इंजिनाला कष्ट फार आणि समोरचा वारा थोडा. चढण संपताच इंजिन बंद केले, तर पंखाही थांबतो आणि बॉनेटखालील उष्णता आणखी वाढते. म्हणून चहापुरती थांबवलेली गाडीही पुन्हा सुरू होताना हट्ट धरते.

अशा वेळी घाईच घात करते. प्रथम गाडी कडेला घेऊन हँडब्रेक ओढावा, चाकामागे मोठा दगड लावावा आणि मुलाबाळांना वळणापासून दूर, रस्त्याबाहेर उभे करावे. मग बॉनेट उघडून अर्धा तास वाट पाहावी. ओले फडके पिळून पंपावर व त्याच्या लोखंडी नळीवर ठेवल्यास गारवा लवकर येतो. मात्र पंपाला काचेची वाटी असल्यास तिच्यावर ठेवू नये, ती तडकते. तापलेल्या इंजिनावर बादलीभर पाणी ओतू नये; बिडाला चीर जाण्याचा संभव असतो. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये, उकळते पाणी तोंडावर उडते. कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून गाडी सुरू करण्याची खटपट तर मुळीच करू नये. भडका उडून हातपाय भाजतात. जवळ विडी-सिगारेटही पेटवू नये.

गाडीत आजारी माणूस असेल, तर गाडी निवण्याची वाट पाहत बसू नये. येणारे दुसरे वाहन थांबवून त्याला पुढे पाठवावे.

पुन्हा हा प्रसंग येऊ नये म्हणून पेट्रोलची नळी धुराच्या तापलेल्या नळीला खेटलेली नाही ना, हे मिस्त्रीकडून पाहून घ्यावे. चिरलेली रबरी नळी बदलावी. घाट सकाळच्या गारव्यात चढावा, आणि वर पोहोचल्यावर दोन-तीन मिनिटे इंजिन संथ चालू ठेवून मगच बंद करावे. पेट्रोलमध्ये हल्ली एथेनॉल मिसळलेले असते. त्यामुळेही वाफ होण्याची प्रवृत्ती काहीशी वाढते, हे ध्यानात असू द्यावे.

नव्या गाड्यांत पंप टाकीतच बुडालेला असतो व पेट्रोल ओढण्याऐवजी दाबाने पुढे ढकलतो; म्हणून त्यांत हा विकार क्वचितच आढळतो. डिझेल पुष्कळ अधिक उष्णतेला उकळते, त्यामुळे डिझेलच्या गाडीतही तो सहसा होत नाही. परंतु ज्यांच्या अंगणात अजून जुनी जीप वा फियाट उभी आहे, त्यांनी उन्हाळ्यात एक पाण्याचा डबा, एक जाड फडके आणि अर्ध्या तासाचा धीर, एवढे सामान गाडीत अवश्य ठेवावे.