वाढते वजन आणि दमा

खुर्चीवर ताठ बसून एक दीर्घ श्वास घ्या. आता पुढे वाकून, पोट मांड्यांवर दाबून पुन्हा घ्या. छाती पुरती भरत नाही ना? छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याला, म्हणजे श्वासपटलाला, खाली सरकायला जागाच उरत नाही.

लठ्ठ माणसाच्या पोटावरील चरबी असाच अडथळा करते. श्वास उथळ होतो, श्वासनलिका पुरेशा ताणल्या जात नाहीत आणि अरुंद राहतात. शिवाय चरबीतून दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात मिसळतात.

मग वजन उतरवले तर? फिनलंडमधील ३८ लठ्ठ दमेकऱ्यांपैकी निम्म्यांना ८ आठवडे अत्यल्प उष्मांकांचा आहार देण्यात आला. २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षानंतरही त्यांचे वजन सुमारे ११ टक्क्यांनी कमी होते, आणि फुप्फुसांचे कार्य उरलेल्यांपेक्षा सुधारले होते.

मात्र दमा सडपातळ माणसांनाही होतो. धूळ, धूर, आनुवंशिकता हीही कारणे आहेतच. म्हणून दमेकऱ्याच्या लठ्ठपणाला हसू नका. वजन उतरले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवायचे नाही, हे मात्र घरी अवश्य सांगा.