धनुष्य घेताय? आधी हात पसरा!

हाताने बनवलेलं लाकडी रिकर्व्ह धनुष्य फोटोत इतकं देखणं दिसतं की त्याची लांबी किती, हे आपण वाचतच नाही. मीही वाचलं नव्हतं. दोन महिन्यांचा स्टायपेंड घातला आणि ५४ इंची धनुष्य घेऊन आले. कारण काय, तर लोकलमध्ये मावेल! आठवड्याभरात उजव्या हाताची तीन बोटं अशी सुजली की बातमी टाइप करताना डोळ्यांत पाणी यायचं. तेव्हा पैसे मोजण्याआधी हे वाचाच.

सुरुवात धनुष्यापासून नाही, तुमच्यापासून होते. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरा. एका हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंतचं अंतर घरातल्या कुणाला तरी मोजायला सांगा आणि त्याला २.५ ने भागा. ही झाली तुमची ड्रॉ लेंथ, म्हणजे दोरी तुम्ही किती मागे आणता त्याचा अंदाज. माझं अंतर भरलं ६७ इंच, म्हणजे ड्रॉ जवळपास २७. पक्का आकडा मात्र हलकं धनुष्य हातात घेऊन, कोच शेजारी उभे असतानाच कळतो.

आता बोटं का सुजली? धनुष्य आखूड असलं की पूर्ण खेचल्यावर दोरीचा कोन फार टोकदार होतो. बाणाच्या वर एक आणि खाली दोन, अशी धरलेली आपली बोटं त्या कोनात चिमटतात. दुसरी भानगड ‘स्टॅकिंग’ची. एरवी इंचामागे साधारण दोन-अडीच पाउंड जोर वाढतो. आखूड धनुष्यात शेवटच्या इंचांना तो एकदम चढतो. ऐन नेम धरताना हात थरथरतो आणि आपण स्वतःलाच कोसत बसतो. मी पण बसले होते.

‘मग तुर्की आणि मंगोल घोडेस्वारांची धनुष्यं आखूडच होती की!’ असं मी कोचना सुनावलं. होती, पण ती नुसत्या लाकडाची नव्हती. धनुष्य वाकतं तेव्हा निशाणाकडची बाजू ताणली जाते आणि आपल्याकडची दाबली जाते. त्यांच्या धनुष्यात ताण सोसायला जनावरांच्या कंडरांचे तंतू आणि दाब सोसायला शिंग असायचं. नुसत्या लाकडाला मात्र लांबीच द्यावी लागते. फायबरग्लास नसलेल्या धनुष्याचा कारागिरांचा ढोबळ हिशेब असा: ड्रॉ लेंथची दुप्पट, अधिक न वाकणारी मूठ. माझे २७ दुणे ५४, मूठ आठ इंच धरली तर ६२. त्याहून आखूड घेतलं आणि पूर्ण खेचलं, तर मोडायची भीती.

फायबरग्लासचे थर असतील तर ६० इंचीही चालून जातं. झाडीत वावरायला सोपी म्हणून शिकारीची धनुष्यं तशी बनतात. पण आपल्याला मैदानावर उभं राहून शिकायचंय ना? माझ्याएवढ्या ड्रॉसाठी ६६ इंच उत्तम. बाण किंचित हळू जाईल, पण बोटं वाचतील आणि सोडताना झालेली छोटी चूक जरा कमी भोवेल. साताऱ्याच्या प्रवीण जाधवला ऑलिम्पिकमध्ये पाहिलं असेल, तर तिथल्या धनुष्याचे भाग सुटे होतात हे आठवेल. २५ इंची राइझरला छोटे, मध्यम किंवा लांब लिम्ब लावले की लांबी ६६, ६८ किंवा ७० होते. अखंड लाकडी धनुष्यात ही सोय नाही. एकदा घेतलं की घेतलं.

ऑर्डर देताना आणखी एक विचारा. धनुष्यावरचे पाउंड बहुधा २८ इंचांच्या ड्रॉवर मोजलेले असतात. त्यामुळे ‘माझ्या २७ इंचांवर किती?’ हे कारागिराकडून वदवून घ्या. नवशिक्यांनी २०-२५ च्या वर उडी मारूच नये. माझं ३० चं होतं, हेही आता सांगूनच टाकते.

५४ इंची सध्या भिंतीवर टांगलंय, फोटोत अजूनही झकास दिसतं. नव्याची ऑर्डर गेलीय: ६६ इंच, म्हणजे माझ्यापेक्षा इंचभर उंच. ते ठेवणार कुठे, असं आई रोज विचारतेय. आणि लोकलचं काय, तेही अजून ठरलेलं नाही.