अपुरें राहिलेलें पान

श्राद्धाच्या दिवशीं कोणास बोलवावें, पानांत काय वाढावें, हें आपल्या घरांतून सर्वांस ठाऊक असतें. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत गेलेल्या माणसाची आठवण कशी ठेवावी, ह्याविषयीं मात्र कोणी फारसें बोलत नाहीं. हा प्रश्न आमच्यापुढें गेल्या वर्षीं अविधवा नवमीस उभा राहिला. आमची सहधर्मचारिणी सौभाग्यवती असतांनाच गेल्यामुळें भाद्रपद वद्य नवमीस आमच्याकडे सवाष्ण जेवावयास बोलावतात. त्या दिवशीं जेवणें आटोपल्यावर भिंतीवरील तसबिरीकडे पाहून आमच्या आठ वर्षांच्या नातीनें विचारलें, "आजोबा, आजी बोलायची कशी?" नात दोन वर्षांची असतांनाच तिची आजी गेली. आम्ही "फार गोड" एवढेंच म्हणालों आणि पुढें कांहीं सुचेना. चाळीस वर्षांचा संसार, आणि उत्तर दोन शब्दांचें!

त्याच सुमारास एका देवळांत पाण्याची टाकी बांधून तिच्या नांवाची संगमरवरी पाटी बसवावी असें आम्हीं योजिलें होतें. पाटीचा मसुदा सुनेस दाखविला. तिनें तो दोनदां वाचला आणि अदबीनें म्हणाली, "मामंजी, टाकी अवश्य बांधावी. पण ह्या पाटीवर आईंचें नांव एका ओळींत आहे आणि आपलें तीन ओळींत." आम्हांस राग आला. रात्रीं मसुदा पुन्हा वाचला, तेव्हां तिचें म्हणणें खरें आहे असें दिसून आलें.

कालिदासानें रघुवंशाच्या आठव्या सर्गांत अजराजाचा शोक वर्णिला आहे. त्याची राणी इंदुमती ही आपल्या विदर्भाचीच राजकन्या. ती गेल्यावर वसिष्ठांनीं शिष्याकरवीं राजास बोध केला, कीं स्वजनांचे अखंड अश्रु मृतात्म्यास जाळतात. तरी राजाचें मन वळलें नाहीं. मुलगा लहान, म्हणून त्यानें आठ वर्षें कशीबशी काढलीं. आधार काय, तर प्रियेचीं चित्रें, कोठें तिच्यासारखें कांहीं दिसलें तर तें, आणि स्वप्नांतील क्षणभराची भेट. हा सर्ग आम्हीं वर्षानुवर्षें शिकविला. परंतु त्या आठ वर्षांत बाळ दशरथास त्याच्या आईविषयीं कोणी कांहीं सांगितलें असेल काय, हा विचार नातीनें प्रश्न करीपर्यंत आमच्या मनांत आला नव्हता.

पुढें नवरात्रापूर्वीं फडताळ आवरतांना सुनेस एक वही सांपडली. आमच्या जुन्या वह्यांतील कोरीं पानें शिवून ती केलेली होती. तींत जात्यावरच्या ओव्या होत्या. कांहीं आईकडून ऐकलेल्या, कांहीं आत्याकडून. प्रत्येक ओवीखालीं ती जिच्या तोंडून मिळाली तिचें नांव होतें. शेवटच्या पानावर एक ओवी अर्धीच होती. ती पाहतांच आम्हांस एक संध्याकाळ आठवली. आम्ही उत्तरपत्रिका तपाशीत बसलों होतों. तिनें जवळ येऊन विचारलें होतें, "जरा ह्या ओळीकडे पाहतां का?" आम्ही वर न पाहतांच म्हणालों होतों, "आतां वेळ नाहीं." तिनें पुन्हा कधीं विचारलें नाहीं.

ही वही पेटींत जपून ठेवावी कीं पुरी करावी, असा प्रश्न पडला. त्याचें उत्तर आम्हांस नागपुरच्याच एका जुन्या गोष्टींत मिळालें. हिस्लॉप महाविद्यालय सर्वांस माहीत आहे. ज्या स्टीफन हिस्लॉप ह्यांच्या स्मरणार्थ तें सन १८८३ मध्यें निघालें, ते पाद्री सन १८४५ मध्यें नागपुरास आले. सन १८६३ च्या सप्टेंबरांत टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहून परततांना पुराच्या पाण्यांत ते बुडाले. गोंड लोकांविषयीं त्यांनीं केलेलीं टिपणें आणि उतरून घेतलेलीं गीतें तशींच पडून राहिलीं. तीं वाया जाऊं नयेत म्हणून मध्यप्रांताचे मुख्य आयुक्त सर रिचर्ड टेंपल ह्यांनीं नीट लावून सन १८६६ मध्यें छापून काढलीं. महाविद्यालयामुळें हिस्लॉप ह्यांचें नांव राहिलें. परंतु त्यांचा ध्यास राहिला तो त्या कागदांमुळें.

पुण्याचें राजा दिनकर केळकर संग्रहालय पुष्कळांनीं पाहिलें असेल. 'अज्ञातवासी' ह्या नांवानें कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर ह्यांचा एकुलता मुलगा राजा बालपणींच वारला. त्याच्या नांवानें ह्या गृहस्थानें आयुष्यभर दिवे, अडकित्ते, दौती, कुलुपें, वाद्यें, नक्षीचे दरवाजे अशा वस्तु गांवोगांव हिंडून जमविल्या. पत्नी कमलाबाईंची त्यांस साथ होती. वीस हजारांहून अधिक वस्तूंचा हा संग्रह त्यांनीं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. ज्या बालकास जगानें पाहिलेंही नाहीं, त्याचें नांव आज घरोघरचीं मुलें वाचतात. न्यायमूर्ति रानडे सन १९०१ मध्यें गेल्यावर त्यांच्या विद्वत्तेवर बोलणारे पुष्कळ होते. परंतु ते घरांत कसे वागत, पत्नीस कसे शिकवीत, हें सांगूं शकणाऱ्या रमाबाईच. त्यांच्या आठवणींचें पुस्तक सन १९१० मध्यें प्रसिद्ध झालें, म्हणून ते न्यायमूर्ति आपणांस घरच्या माणसासारखे भेटतात.

तेव्हां आम्हीं ती वही पुरी करावयाचें ठरविलें. महालांत राहणाऱ्या आमच्या वृद्ध वहिनींकडे दर रविवारीं नातीस घेऊन जाऊं लागलों. त्या ओव्या सांगत, आम्ही लिहीत असूं, आणि नात भ्रमणध्वनीवर त्यांचा आवाज उतरून घेई. प्रथम आमच्या हातांत संवयीनें तांबडी शाई आली. ऱ्हस्वदीर्घ सुधारावें, वऱ्हाडी रूपें शुद्ध करावीं, असें वाटूं लागलें. वहिनी म्हणाल्या, "भावजी, ती असंच म्हणायची." आम्हीं तांबडी लेखणी मिटून ठेवली. अर्ध्या ओवीचा शेवट वहिनींनीं एक सांगितला, आमच्या मेहुणीनें दुसराच. दोन्ही लिहून घेतले आणि दोघींचीं नांवें खालीं घातलीं. तिनेंही तसेंच केलें असतें.

ह्या खटाटोपांत जें उमगलें तें थोडक्यांत सांगतों. श्राद्धविधि करावाच, त्याच्या जागीं हें नव्हे. दुःख ताजें असतांना घरच्यांस आठवणी लिहा म्हणून आग्रह करूं नये. मात्र फार काळही दवडूं नये, कारण ज्यांस आठवतें तीं माणसेंही वृद्धच असतात. गेलेलें माणूस काय करीत असे हें पाहून त्यांतलें एखादें काम पुढें चालवावें. कोणाची बाग असेल, कोणाची लोणच्याची रीत, कोणी शेजारच्या मुलांस गणित शिकवीत असेल. नुसते गुणच सांगूं नयेत. रागलोभ, हट्ट, विनोदही सांगावेत. एरवीं मुलांच्या मनांत माणूस न राहतां तसबीरच राहते.

देवळांतली टाकी बांधून झाली. पाटीवर आतां तिचें एकटीचेंच नांव आहे. यंदाच्या अविधवा नवमीस सवाष्ण जेवून उठल्यावर नातीनें वहींतील तीन ओव्या म्हटल्या. एक शब्द चुकला. आम्हीं तो सुधारला नाहीं. नंतर तिनें मागील वर्षाचाच प्रश्न पुन्हा विचारला, आणि ह्या वेळीं आम्ही दिवेलागणीपर्यंत सांगत बसलों. तें अर्धें पान वाचून दाखवितांना "आतां वेळ नाहीं" हें आपलें उत्तरही आम्हीं तिच्यापासून लपविलें नाहीं.

वाचकहो, आपल्या घरीं आज कोणी वडील माणूस दळतांना, निवडतांना वा पूजेची तयारी करतांना कांहीं गुणगुणत असेल, तर हातांतलें काम बाजूस ठेवून जरा जवळ जाऊन बसावें, एवढीच आमची विनंती आहे.